गिरणी परत येत नाही

मुंबईच्या गिरगावात एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावरचे गाळे नुकतेच ताब्यात मिळाले. जुन्या चाळीत होते त्यांतले बरेचसे दुकानदार परत आले, पाट्या लागल्या, नारळ फुटले. एका गाळ्याच्या काचेला आतून वहीचा कागद चिकटवलेला होता: ‘दळण बंद आहे. तयार पीठ मिळेल.’ एक आजी स्टीलचा डबा काखेत घेऊन त्या कागदासमोर उभ्या होत्या. त्यांनी तो वाचला, डब्याचं झाकण उगाचच पुन्हा दाबलं आणि आल्या वाटेने परत गेल्या. ना कुणाशी वाद, ना तक्रार. तरी ते डोक्यातून जात नाही. कारण कागदोपत्री इथे सगळं नीट झालेलं आहे. दुकानदार तोच, पत्ता तोच, गाळ्याचं क्षेत्रफळसुद्धा करारात लिहिल्याप्रमाणे जुन्याइतकंच. फक्त त्या गाळ्यात जे काम चालायचं, ते आलं नाही.

ह्याचा दोष गिरणीवाल्याला देता येत नाही. साध्या गिरणीची मोटर साडेसात ते दहा हॉर्सपॉवरची असते आणि तिला थ्री-फेजचं कनेक्शन लागतं. जुन्या चाळीचा तळमजला थेट जमिनीवर बसलेला असायचा. गिरणीचा पाया खोदून, काँक्रीट भरून, बोल्ट गाडून पक्का केला की तिची थरथर खालच्या मातीत जिरायची. नव्या टॉवरमध्ये गाळ्याच्या फरशीखाली गाड्यांचं तळघर असतं. तिथे गिरणी बसवली तर हादरा स्लॅबमधून आणि खांबांतून वर चढतो, आणि चौथ्या मजल्यावरच्या कपाटातली भांडी वाजायला लागतात. पिठाचा धुरळा हा दुसरा प्रश्न. जुन्या गाळ्याला तेरा-चौदा फुटांची उंची होती, मागच्या भिंतीला जाळी होती, ती चाळीच्या चौकात उघडायची. नव्या गाळ्याला पुढे काच आणि मागे सलग भिंत. धुरळ्याला जायला वाट नाही. सोसायटीच्या पहिल्याच सभेत आवाज, हादरा आणि धूळ हे तीन मुद्दे येतात, आणि तिन्ही खरे असतात. सभेतल्या कुणाचाही हेतू वाईट नसतो. तरीही त्या दिवशी गल्लीतून एक अख्खं काम निघून जातं.

आणि ते काम म्हणजे नुसतं धान्याचं पीठ करणं नव्हे. गिरणीवाल्याला डबा देताना लोक एक शब्द बोलतात: ‘भाकरीला’, ‘चपातीला’, ‘लाडवाला’, ‘थालीपिठाला’. त्या एका शब्दावर तो दोन दगडांमधलं अंतर ठरवतो. पुढचं चाक किंचित फिरवायचं, खाली पडणारं पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळून बघायचं, पुन्हा किंचित फिरवायचं. ज्वारी बारीकच हवी, जाडसर राहिली तर भाकरी थापताना कडा फुटतात. बेसनाच्या लाडवाला डाळ रवाळ हवी, पिठल्याला मऊ. चकलीची भाजणी, म्हणजे किलोभर तांदळाला अर्धा किलो चणाडाळ आणि पाव-पाव किलो उडीद-मूग ह्या अंगाची, भाजून पूर्ण गार झाल्यावरच दळायची. कोमट असतानाच आणली तर दगडात चिकटते, पीठ ओलसर पडतं आणि चकली तेलात विरघळल्यासारखी होते. मोदकाचे तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेले असतात. ते नीट वाळले नाहीत, हे गिरणीवाल्याला मुठीत घेतल्याबरोबर कळतं आणि तो ते परत पाठवतो.

पुन्हा कशावर काय दळायचं ह्याचा एक क्रम असतो. यंत्राच्या पोटात आधीच्या दळणाचं थोडं पीठ राहतंच. चणाडाळीनंतर गव्हाचा डबा लावायचा असेल तर मध्ये मूठभर गहू टाकून दगड पुसून घ्यावे लागतात. उपासाची भाजणी सकाळी दगड झाडल्यावर सगळ्यांत आधी, नाहीतर त्यासाठी वेगळी गिरणी. दगडांच्या खाचा झिजल्या की पीठ कापलं जात नाही, रगडलं जातं. ते गरम होतं आणि त्याची चव उतरते. मग दगड उघडून टाकीने, म्हणजे छिन्नीने, खाचा पुन्हा पाडायच्या. टाकी लावल्यावरचं पहिलं दळण कोणाच्याही डब्यात जाऊ द्यायचं नाही, कारण त्यात दगडाची कच येते. म्हणून आधी टाकाऊ धान्य दळून ते फेकायचं. गरम पिठाचा डबा लगेच बंद करू नका, झाकणाला घाम येतो आणि पिठाच्या गाठी होतात, हेसुद्धा बहुतेकांना गिरणीवाल्यानेच सांगितलेलं असतं. तयार पिठाच्या पिशवीत गहू चांगला असेल, पण ‘लाडवाला’ हा शब्द ऐकणारं त्या पिशवीत कुणी नाही.

रस्त्याचा स्वभाव दुकानं जुनी आहेत की नवी, ह्यावर ठरत नाही असं माझं ठाम मत आहे. तो ठरतो दुकानाच्या उंबऱ्यावर काय काम चालतं त्यावर. तिथे काही बनतं का, दुरुस्त होतं का, मापून, कापून, चाखायला मिळतं का? जुनं दुकानसुद्धा आतून मेलेलं असू शकतं आणि परवा उघडलेलं दुकान रस्त्याला नवा जीव देऊ शकतं.

मोबाइल दुरुस्तीचंच बघा. गिरगावच्या चाळींना जिन्याखाली एक तिरकी जागा असायची, रुंदीला जेमतेम चार फूट. तिथे घड्याळजी बसायचा, नाहीतर किल्ल्या करून देणारा, नाहीतर रफू करणारा. डोळ्यावर भिंग, पुढे काचेखाली चिमटे आणि बारीक स्क्रू. आज उरलेल्या जिन्यांखाली मोबाइलवाला बसतो आणि त्याची बैठक हुबेहूब तीच आहे. भिंगाच्या जागी मायक्रोस्कोप आला, एवढाच फरक. चार्जिंगची जागा बदलायची तर आधी मागची काच हलक्या उष्णतेने सैल करायची, बॅटरीची पट्टी सोडवायची, मग जुन्या पोर्टभोवती फ्लक्सचा लेप लावून गरम हवेच्या गनने सोल्डरचे टाके वितळवायचे. शेजारी प्लास्टिकचा कनेक्टर असेल तर त्यावर उष्णतारोधक टेप चिकटवायची, नाहीतर तो वितळतो आणि दोनशे रुपयांचं काम दोन हजारांवर जातं. पाण्यात पडलेला फोन तांदळात पुरून आणणारे अजून येतात. त्याने गंज थांबत नाही. बोर्ड काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुवावा लागतो, तोही जितक्या लवकर तितका बरा. हे सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चालतं, बघणारा विचारतो, करणारा सांगतो. घड्याळजीची गादी खऱ्या अर्थाने कोणी चालवत असेल तर हा मुलगा. त्याच्या दुकानाला कोणी वारसा म्हणत नाही. म्हणायला हवं.

पण त्याला ती जागा परवडते कारण ती जिन्याखाली आहे. नव्या इमारतीत जिन्याखाली काही नसतं; तिथे ग्रॅनाइटची लॉबी असते, सोफा असतो आणि रखवालदाराचं टेबल. नवा धंदा सुरू करणाऱ्याला लागणारी सगळ्यांत लहान, सगळ्यांत स्वस्त जागा नकाशातूनच नाहीशी होते. जुनी इमारत पडते तेव्हा नुकसान फक्त जुन्या धंद्यांचं होत नाही.

जुनी दुकानं टिकली ती गिऱ्हाइकांच्या प्रेमामुळे, असं म्हणायला बरं वाटतं. त्यांना टिकवलं मुख्यतः भाडे कायद्याने. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं, म्हणून पुढची कित्येक दशकं रस्त्यावरचा किराणावाला, पंचे-धोतरं विकणारा, पूजासाहित्यवाला नाममात्र भाड्यात बसू शकला. धान्यात किलोमागे सुटणारा पैसा इतका थोडा असतो की बाजारभावाचं भाडं त्यातून निघतच नाही. पण ह्याच कायद्याने मालकाचा इमारतीतला रस संपवला. दुरुस्ती कोण करणार? उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी कर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या वाशांना टेकू लागले, गॅलऱ्या झुकल्या. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याने पागडीला, म्हणजे जागेसाठी भाड्याव्यतिरिक्त एकरकमी दिल्या जाणाऱ्या पैशाला, कायदेशीर मान्यता दिली आणि मालकाला वर्षाला चार टक्के वाढ दिली. आणखी एक मोठी गोष्ट केली: बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या ह्यांचं संरक्षण काढून घेतलं. त्यामुळे एकाच रस्त्यावर, एकाच भिंतीला भिंत लावून, भाड्याची दोन वेगळी जगं तयार झाली. इकडे पागडीचा मसालेवाला, तिकडे बाजारभाव भरणारी बँक.

पागडीचा गाळा विकताना किमतीचा साधारण तिसरा हिस्सा मालकाला जातो. दुकानदाराची मुलं शिकून दुसरीकडे गेलेली असतात, गुडघे दुखत असतात, पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षं लांबलेली असतात. अशा वेळी शेजारचा सोनार तीन गाळे एकत्र घेतो तेव्हा त्याला नावं ठेवणं सोपं आहे. विकणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवलं की तेवढं सोपं राहत नाही. मात्र रस्त्याचा हिशेब वेगळा असतो. तीन उंबरे होते तिथे एक झाला. आठ-नऊ फुटांच्या गाळ्यांच्या ओळीत माणूस दर चार पावलांवर काहीतरी नवं बघतो, थांबतो. पंचवीस फुटांच्या सलग काचेसमोरून तो सरळ चालत जातो. एटीएमचा गाळा त्याहून वाईट. तिथे सांगायला, विचारायला कुणीच नाही. सगळ्यांत अलीकडे आलेत दहा मिनिटांत घरपोच सामान पाठवणाऱ्यांचे गाळे. काचेला पांढरी फिल्म, पाटी नाही, आत मांडण्या, बाहेर फूटपाथवर दुचाकींची रांग. चार-पाच मुलं मोबाइलकडे बघत उभी. ती मुलं दिवसभर त्याच रस्त्यावर असतात पण त्यांना बसायला साधी पायरी नसते. दुकान आहे, पण दुकानात शिरायची सोय कुणालाच नाही.

नव्या दुकानदाराचं गणितही समजून घ्यायला हवं. तो लीव्ह अँड लायसन्सवर तीन, फार तर पाच वर्षांसाठी येतो, दरवर्षी भाडं वाढणार हे लिहून देऊन येतो. अनामत, फर्निचर, एसी, पाटी हा सगळा खर्च त्याच मुदतीत वसूल व्हायला हवा. मग ज्यात नफा जास्त आणि माल लवकर फिरतो तेच तो ठेवणार: मोबाइलची कव्हरं, केक, सौंदर्यप्रसाधनं, कॉफी. गिरणीचा पाया खोदून बोल्ट गाडणारा माणूस तीन वर्षांच्या करारावर येऊच शकत नाही. रस्त्यावर कसली दुकानं दिसतात, ह्याचं उत्तर अनेकदा आवडीनिवडीत सापडत नाही; ते कराराच्या मुदतीत सापडतं.

जुन्या दुकानांना शटर नव्हतं, फळ्या होत्या. सागाच्या, सहा-सात इंच रुंद, प्रत्येकीवर रंगाने घातलेला आकडा. वरची खाच खोल, खालची उथळ: फळी आधी वर घुसवायची, मग खाली सोडायची आणि सरकवत नेऊन कडेला लावायची. आकडे चुकले तर शेवटची फळी बसत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा कडेला मेणबत्ती घासून ठेवायची. सगळ्यात शेवटी आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. ह्या उघडण्या-मिटण्याला पाच-सात मिनिटं लागायची आणि तेवढ्या वेळात अर्ध्या मिटलेल्या दुकानातून कुणीतरी कापराची पुडी नेलेली असायची. शटर चोरापासून सुरक्षित आणि झटपट, ह्यात वाद नाही. त्याची स्प्रिंग तुटते ती मात्र नेमकी सणाच्या सकाळी, कारण दोन्ही बाजूंच्या पन्हाळीत वर्षभर कोणी तेल-ग्रीस घातलेलं नसतं आणि ओढून ओढून सगळा भार स्प्रिंगवर आलेला असतो.

काच आणि एसी आल्यावर गेला तो वास. फणसवाडीच्या तोंडाशी, कांदेवाडीजवळ, मुगभाटात डोळे मिटूनही आपण कुठे आहोत ते कळायचं: चिवड्याची फोडणी, उदबत्ती, दळलेली हळद, कोऱ्या कापडाची खळ. आता वास आत कोंडलेला आणि फूटपाथवर एसीच्या बाहेरच्या पेटीची गरम हवा, वरून ठिबकणारं पाणी. भर मे महिन्यात आत बसणाऱ्या विक्रेत्या मुलींना एसी हवाच, त्याबद्दल दुमत नाही. त्या पेट्या मागच्या भिंतीला लावणं अशक्य नसतं. पाइपची लांबी वाढते, खर्च वाढतो, म्हणून त्या पुढे येतात.

पाट्यांचंही सांगायला हवं. राज्याने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सगळ्या दुकानांना, कामगार दहापेक्षा कमी असले तरी, देवनागरीत मराठी पाटी सक्तीची केली; अक्षरं आधी मराठी आणि आकाराने इतर लिपीपेक्षा लहान नाहीत, अशी अट घातली. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ ला मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि त्यानंतर रस्ता वाचायला सुखद झाला. हे मनापासून आवडलं. पण घाईत केलेल्या बहुतेक पाट्या त्याच दोन-तीन संगणकी टायपांत आहेत. पूर्वी पेंटर पत्र्यावर आधी अस्तर द्यायचा, खडूने दोरी मारून शिरोरेषेची पातळी आखायचा, मग एनॅमलने अक्षर आणि त्याला दुसऱ्या रंगाची छाया. खिळ्यांच्या भोकांभोवती गंज धरतो तेवढीच त्याची खोड. ती भोकं रंगाने बुजवली की पाटी वर्षानुवर्षं टिकते. फ्लेक्स उन्हाने उडतो आणि वाऱ्याने फाटतो. एलईडीच्या अक्षरात पावसाचं पाणी शिरलं की एखादा मॉड्यूल जातो, आणि ‘भांडार’मधला अनुस्वार विझलेला तसाच राहतो.

ह्या सगळ्यावर मेट्रो आली. रस्त्यावर सात-आठ वर्षं पत्रे उभे होते, काही चाळी त्यासाठी पाडल्या गेल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगाव आणि काळबादेवी ही भुयारी स्थानकं सुरू झाली. पत्र्यांच्या मागे राहिलेल्या दुकानांत कोण टिकलं ते बघण्यासारखं आहे. रस्त्याने जाता जाता घेण्याच्या वस्तू विकणाऱ्यांचा धंदा आधी बसला. ज्यांच्याकडे लोक मुद्दाम जायचे, म्हणजे मुंजीचं सामान, पंचे, ठरावीक मसाला, विशिष्ट दुरुस्ती, ते तगले. लोक पत्र्याच्या फटीतून वाट काढत गेले. आता स्थानकाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या माणसांत अनोळखी जास्त आहेत. दाराच्या तोंडाशी आधी थंड पेयं आणि वडापाव, मग फोनची कव्हरं, मग कॉफी असाच क्रम लागणार, आणि त्यात वावगं काही नाही. ह्या रस्त्याने असे बदल पूर्वीही पचवलेत; मॅजेस्टिक सिनेमा पाडून तिथे शॉपिंग सेंटर झालं, तेही आता जुनं वाटतं. काळजी आहे ती दारापासून दूर, वाड्यांच्या तोंडाशी असलेल्या गाळ्यांची. तिथलं भाडंही आता स्थानकाच्या अंतरावर ठरू लागेल.

गिरगावात अजून कितीतरी इमारती पुनर्विकासाच्या रांगेत आहेत, म्हणून ह्यात करण्यासारखं बरंच शिल्लक आहे. करारात गाळ्याचं क्षेत्रफळ दशांश चिन्हापर्यंत लिहिलेलं असतं, पण उंची, वीज, हवा ह्यांबद्दल अवाक्षर नसतं. कागदावर नसलेला पोटमाळा तर मोजलाच जात नाही, आणि लहान दुकानाचा निम्मा माल तिथेच असतो. त्याच पानावर चार ओळी वाढवून घेता येतात. यंत्र चालवणाऱ्या गाळ्याला थ्री-फेजचा भार किती किलोवॅट, तो आकडा लिहायचा. तो गाळा भूखंडाच्या अशा कोपऱ्यात मागायचा, जिथे खाली तळघर येत नाही. धुरळा आणि वाफ गच्चीपर्यंत नेणारा एक सरळ शाफ्ट मागायचा. गाळ्याची फरशी आणि फूटपाथ ह्यांच्यात एका पायरीपेक्षा जास्त अंतर नको, कारण डबा घेऊन येणारं माणूस बहुधा साठीच्या पुढचं असतं. जिन्यालगत चार फुटांचे दोन ठेले नकाशात दाखवून घ्यायचे. हे सगळं नकाशे पालिकेच्या मंजुरीला जायच्या आधी मागितलं तर आर्किटेक्टला त्यात फारसं जड काही नसतं. स्लॅब ओतल्यावर ह्यातलं एकही होत नाही. रहिवाशांच्या सभेला दुकानदारांना बहुतेक वेळा शेवटी बोलावतात. त्यांना पहिल्या सभेला बोलवा, आणि गिरणीवाल्याला मोटरवरच्या पत्र्याच्या पट्टीचा फोटो काढून आणायला सांगा. हॉर्सपॉवर, व्होल्ट आणि मिनिटाचे फेरे तिच्यावर छापलेले असतात; पाया आणि वीज दोन्हींचा हिशेब तिथूनच सुरू होतो.